घोड्यामागे किती डॉलर?

डेट्रॉईटच्या आसपास, म्हणजे ट्रॉय, नोव्हाय, कँटन, फार्मिंग्टन हिल्स वगैरे गावांत, मराठी माणसाच्या दारातली गाडी बघितली की तो कुणाचं मीठ खातो ते कळतं. डिअरबॉर्नला नोकरीला असला तर फोर्ड, जनरल मोटर्समध्ये असला तर शेवरले, ऑबर्न हिल्सला असला तर जीप किंवा डॉज. (त्या तिसऱ्या कंपनीचे मालक आणि नावं इतक्यांदा बदलली आहेत की गावातले लोक तिला अजूनही 'क्रायस्लर' म्हणतात आणि मोकळे होतात.) गणेशोत्सवात आरतीनंतर पार्किंगमध्ये तीन पंथांचे तीन घोळके उभे असतात आणि प्रसादाची वाटी हातात धरून एकमेकांच्या गिअरबॉक्सची निंदा करतात.

मी कुठल्याच पंथातला नाही. मी एका पुरवठादार कंपनीत सीटवर काम करतो. सीटवर बसून सगळेच काम करतात, मी सीटचंच काम करतो. त्यातही अख्खी सीट माझ्याकडे नाही, खालचे रूळ आहेत. सीट पुढे-मागे सरकवताना जो कर्रर्र आवाज येतो तो येऊ नये यासाठी मला पगार मिळतो. त्यामुळे गाडीच्या पराक्रमाविषयी मला कुणी विचारत नाही. 2023 साली माझ्या मेहुण्याने विचारलं, तेसुद्धा सल्ला म्हणून नव्हे. त्याला साक्षीदार हवा होता.

"दाजी, गाडी घ्यायची म्हणतोय."

"घे की. कोरोला चांगली असते."

"मसल कार."

मेहुणा कोल्हापूरचा. पोटापाण्यासाठी इंजिनांचं कॅलिब्रेशन करतो, म्हणजे लॅपटॉप मांडीवर घेऊन दुसऱ्यांच्या गाड्यांना वळण लावतो. त्या वर्षी निमित्तही तगडं होतं. डॉजची चॅलेंजर आणि शेवरलेची कॅमारो, दोन्ही त्या डिसेंबरात बंद होणार होत्या. राहणार होती ती फक्त फोर्डची मस्टँग. 'आत्ता नाही तर कधीच नाही' हे वाक्य माणसाने स्वतःला म्हणायला सुरुवात केली की समोरच्याने शांत बसावं. मी बसलो. त्याने लॅपटॉप उघडला. एक्सेल होतं.

आता ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडा इतिहास, कारण मेहुण्याने मलाही तो सोडला नव्हता. मसल कार म्हणजे श्रीमंतांची गाडी नव्हे. मध्यम आकाराची, साध्या घरची गाडी घ्यायची आणि तिच्यात थोरल्या गाडीचं इंजिन कोंबायचं, एवढाच तो खेळ. जनरल मोटर्सचा नियम होता की मधल्या आकाराच्या गाडीत 330 घन इंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. त्यांच्याच पाँटियाक विभागात तेव्हा जॉन डीलोरियन हे इंजिनिअर होते. त्यांच्या मंडळींनी नियम नीट वाचला आणि त्यात फट शोधली. नवीन गाडीसाठी वरची परवानगी लागते ना? मग नवीन गाडी काढायचीच नाही. टेम्पेस्ट नावाच्या जुन्याच गाडीवर 'जीटीओ' नावाचं एक जादा पॅकेज द्यायचं, 389 घन इंचांच्या इंजिनासकट, किंमत 295 डॉलर. हे 1964 चं मॉडेल. त्याच वर्षी 17 एप्रिलला न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात फोर्डने मस्टँग आणली, 2,368 डॉलरपासून पुढे. ती आतून फाल्कन नावाच्या गरीब गाडीवरच बेतलेली होती. सरकारी कचेरीत वर्षं काढलेला कुठलाही मराठी माणूस त्या फटीबद्दल डीलोरियनना पहिल्या भेटीत चहा पाजला असता.

कामगिरीचे आकडे मात्र तेव्हापासूनच संशयास्पद आहेत. 'कार अँड ड्रायव्हर' मासिकाने 1964 च्या मार्चमध्ये या जीटीओची चाचणी छापली. शून्य ते साठ मैल वेग 4.6 सेकंदांत! तरुणांनी दुकानं गाठली. पुष्कळ वर्षांनी कंपनीच्या जाहिरातीचं काम पाहणाऱ्या जिम वँगर्स यांनी सांगून टाकलं की मासिकाला दिलेल्या त्या गाडीत 389 चं नव्हे, 421 घन इंचांचं इंजिन गुपचूप बसवलेलं होतं. शिवाय तेव्हा अश्वशक्ती मोजायची तीसुद्धा इंजिन गाडीबाहेर काढून, त्याच्या गळ्यातली सगळी लोढणी उतरवून. 1972 पासून इंजिन गाडीत जसं बसतं तसं मोजायला लागले, आणि त्या वर्षी अमेरिकेतल्या सगळ्या गाड्या कागदावर एका रात्रीत अशक्त झाल्या. विमा कंपन्यांनी हप्ते आधीच वाढवले होते, धुराचे कायदे आले होते, मग 1973 चं तेलसंकट आलं, आणि पहिली पिढी संपली. आत्ताची पिढी ही पुनर्जन्म झालेली. 2005 ची मस्टँग जुन्या चेहऱ्याने आली, ती खपली म्हणून 2008 ला चॅलेंजर आली, पाठोपाठ कॅमारो.

तर एक्सेल. मेहुण्याचा सिद्धांत सोपा होता: गाडीची किंमत भागिले अश्वशक्ती. घोड्यामागे किती डॉलर पडतात ते बघायचं आणि स्वस्त तो घोडा घ्यायचा. बाजारात आल्या दिवशीचे भाव धरून त्याने सगळ्यांची मांडणी केली होती. कॅमारोचं एलटी-1 हे मॉडेल 2020 ला 34,995 डॉलरना आलं, 455 अश्वशक्तीचं. घोड्यामागे 77. चॅलेंजर हेलकॅट 2015 ला 59,995 डॉलरना आली, 707 अश्वशक्ती. घोड्यामागे 85. आणि शेवटच्या ओळीत, लाल रंगात, मी सुचवलेली कोरोला. साधारण वीस हजार डॉलर, 139 अश्वशक्ती, घोड्यामागे 140 च्या वर.

"बघा दाजी," मेहुणा गंभीरपणे म्हणाला, "कोरोला परवडत नाही."

मी फेरारी विचारली. फेरारी 488 घोड्यामागे साडेतीनशेच्या वर जात होती. "ती चैन झाली," तो म्हणाला. म्हणजे चैनीच्या उतरंडीत सर्वांत वर फेरारी, तिच्याखाली कोरोला, आणि 707 अश्वशक्तीची हेलकॅट दारिद्र्यरेषेजवळ कुठेतरी.

मला या भागाकाराची गंमत वाटते. आपल्या लोकांना उधळपट्टी करता येत नाही. रक्तातच नाही. पण काटकसर करायला सांगा, आम्ही काटकसरीपायी घर विकू. कॉस्टकोमध्ये पाहावं, दोन माणसांचं कुटुंब लोणच्याची बरणी घ्यायला जातं आणि किलोमागे स्वस्त पडतो म्हणून बादलीभर ऐवज घेऊन येतं. मेहुण्याला सत्तर हजारांची गाडी घ्यायचं धाडस नव्हतं. घोड्यामागे पंधरा डॉलर वाचवायची तयारी मात्र होती. भागाकारात खाली मोठा आकडा असला की वरचा आकडा दिसेनासा होतो, हे त्या एक्सेलचं खरं यंत्र. आणि हे यंत्र नेहमी एकाच दिशेला ढकलतं: अजून मोठं घे.

ते त्याला कुठवर ढकलत गेलं ते सांगतो. 2018 ची चॅलेंजर डीमन. किंमत 84,995, पंपावरच्या पेट्रोलवर 808 अश्वशक्ती, शर्यतीच्या इंधनावर 840. 840 धरले तर घोड्यामागे 101, म्हणजे जरा महाग, पण "दाजी, वस्तू बघा." बघितली. पाव मैल 9.65 सेकंदांत. सुटताना पुढची चाकं जमिनीवरून उठतात आणि गाडी काही फूट मागच्या दोन चाकांवर पळते, त्याची गिनीज बुकात नोंद आहे. गंमत अशी की पाव मैलाच्या शर्यती भरवणाऱ्या अमेरिकी संघटनेच्या नियमाप्रमाणे दहा सेकंदांच्या आत पोचणाऱ्या गाडीला आतून पोलादी पिंजरा लागतो. डीमनला तो नव्हता. म्हणून केवळ ड्रॅग स्ट्रिपसाठी जन्माला घातलेल्या गाडीला ड्रॅग स्ट्रिपवर मनाई झाली. इंजिनिअरिंगच्या परीक्षेत एखाद्याला फार मार्क पडले म्हणून नापास करावं, असं पुणे विद्यापीठाच्या बाहेर प्रथमच घडलं असेल.

माझा जीव मात्र दुसऱ्याच गोष्टीने दुखावला. वजन कमी करायला डीमनमधून ड्रायव्हरशेजारची सीट काढून टाकलेली होती. मागचीही. हवी असेल तर परत मिळे. किंमत प्रत्येकी 1 डॉलर. मी हे दोनदा वाचलं. ज्या सीटच्या एका रुळासाठी आम्ही तीन खंडांत मिळून मध्यरात्रीच्या मीटिंगा घेतो, ज्या रुळाची किंमत चार सेंटांनी उतरवली म्हणून माझ्या साहेबाला बढती मिळाली, ती अख्खी सीट, रूळ, फोम, आवरणासकट, एक डॉलर! हे मी सासऱ्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी व्यवहाराचा प्रश्न विचारला.

"एका गिऱ्हाइकाला किती सीटा देतात?"

सासरे म्हणजे मेहुण्याचे वडील. सहा महिन्यांसाठी दोघं आले होते, सासूबाई आणि ते. सासऱ्यांची हयात शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत, फाउंड्रीत गेली. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांमधून वाहनांच्या इंजिनांची ओतकामं देशभर आणि परदेशात जातात, त्यामुळे इंजिन या वस्तूकडे ते आतला माल म्हणूनच बघतात, गाडी हे त्याचं वेष्टण. हेलकॅटचा ब्लॉक बिडाचा आहे, ॲल्युमिनिअमचा नाही, हे कळल्यावर त्यांचा चेहरा उजळला. "बीड ते बीड," ते म्हणाले, आणि ब्लॉक कुठं ओतला ते विचारलं. मेहुण्याने सांगितलं की इंजिन जुळवतात मेक्सिकोत, साल्तियोला. गाडी जोडतात कॅनडात, ब्रॅम्पटनला. खालचा सांगाडा कंपनीचा मर्सिडीजशी संसार चालू होता त्या काळातल्या वळणाचा. आणि आता मालक कंपनीचं मुख्यालय नेदरलँड्समध्ये.

"मग अमेरिकन काय आहे ह्यात?" सासऱ्यांनी विचारलं.

"आवाज," मेहुणा म्हणाला.

आणि ते खरं आहे. या गाड्यांच्या किमतीतला मोठा भाग आवाजाचा असतो आणि तो कुठल्याच एक्सेलमध्ये येत नाही. फोर्डकडे या बाबतीत दोन टोकं आहेत. फोर्डच्याच एका माजी इंजिनिअरने घरी आपली शेल्बी मस्टँग सुरू केली तेव्हा शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले, त्यातून 2018 च्या मस्टँगला 'चांगला शेजारी' नावाची सोय मिळाली. वेळ लावून ठेवायची, त्या वेळात गाडी हळू आवाजात सुरू होते. मग 2024 च्या मस्टँगला त्याच कंपनीने अशी किल्ली दिली की घरात सोफ्यावर बसून बटण दाबलं की बाहेर उभी गाडी आपोआप गुरगुरते. बहुधा दोन वेगवेगळे शेजारी असावेत. आणि डॉजने तेव्हा येऊ घातलेल्या विजेवरच्या चार्जर गाडीला, जिला धूरच नाही, एक्झॉस्टसारखं खोकं लावून 126 डेसिबलचा आवाज काढायची घोषणा केली. महाराष्ट्र मंडळातल्या एका टेस्लावाल्याने आम्हाला वेळोवेळी ऐकवलेलं आहे की त्याची मॉडेल 3 परफॉर्मन्स 3.1 सेकंदांत साठला पोचते, म्हणजे पहिल्या हेलकॅटच्याही आधी. ते बरोबर आहे. पण तो ते सांगतो तेव्हा त्याला तोंडाने 'झूम' म्हणावं लागतं.

परत भावाकडे येऊ. त्या एक्सेलमध्ये एक गोष्ट मला खरोखर शहाणपणाची सापडली, आणि ती मेहुण्याने नव्हे, त्याच्या बायकोने शोधली. ती आकडेशास्त्रातली, बोलते कमी, रकाने वाढवते जास्त. तिने घोड्यामागचा सरासरी भाव बाजूला ठेवला आणि पुढचा घोडा केवढ्याला पडतो ते काढलं. 2024 ची मस्टँग जीटी 480 अश्वशक्तीची, साधारण साडेएकेचाळीस हजारांपासून. तिचीच थोरली बहीण डार्क हॉर्स 500 अश्वशक्तीची, जवळपास अठ्ठावन्न हजारांपासून. म्हणजे वरचे वीस घोडे प्रत्येकी आठशे डॉलरना! मेहुणा हादरला. वीस घोडे आठशेने, आणि आधीचे चारशे ऐंशी नव्वदच्या आत?

पण जरा वाचलं की कळतं, ते पैसे घोड्यांचे नाहीतच. ते जाड ब्रेकचे आहेत, भक्कम गिअरबॉक्सचे आहेत, तेल थंड ठेवण्याचे आहेत, वळणावर मागची दोन चाकं भांडू नयेत म्हणून बसवलेल्या डिफरन्शियलचे आहेत. इंजिन मोठं करणं हे मोटारीच्या धंद्यातलं सर्वांत स्वस्त काम. 1964 च्या जीटीओला 325 अश्वशक्तीचं इंजिन होतं आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक, जे एकदा कचकचून दाबले की पुढच्या वेळी नुसती सहानुभूती दाखवत. घोडे नेहमीच स्वस्त होते, लगाम महाग. मेहुण्याचं म्हणणं की मग त्याचाही रकाना हवा, थांबण्यामागे किती डॉलर. तो भरायला गेलो तर कोरोला पहिली आली, म्हणून त्याने तो लपवला.

घोडे वापरायचे कुठे, हा प्रश्न मी एकदाच विचारला. मिशिगनमध्ये महामार्गावर बहुतेक ठिकाणी सत्तर मैलांची मर्यादा. दोन ऋतू, बर्फाचा आणि रस्तादुरुस्तीचा. एका ऋतूत खड्डे पडतात, दुसऱ्यात त्यांच्याभोवती नारिंगी पिंपं उभी राहतात. 696 नंबरच्या रस्त्यावर संध्याकाळी पाच वाजता हेलकॅट आणि सामान नेणारा टेम्पो एकाच वेगाने जातात, फरक इतकाच की टेम्पोवाल्याला पुढचं दिसतं. त्यातून या गाड्यांचे उन्हाळी टायर थंडी पडली की दगडासारखे होतात. म्हणजे नोव्हेंबरात दुसरा संच, आणि तो संच ठेवायला गॅरेजातली जागा, जिथे सध्या सासऱ्यांनी वाळत घातलेल्या मिरच्या होत्या.

हेलकॅटची एक गोष्ट मात्र मनात भरली होती. तिच्या दोन किल्ल्या असतात. लाल किल्लीने 707 अश्वशक्ती मिळते, काळीने 500. हॉटेलात गाडी लावणाऱ्याच्या हाती काळी द्यायची. सासूबाईंनी विचारलं, "मग काळीच घ्या की, स्वस्त पडेल." तोवर त्या एका कोपऱ्यात शेंगा सोलत होत्या, आणि त्या बोलण्यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं.

मग पेट्रोल. पूर्ण दाबली तर हेलकॅट मिनिटाला दीड गॅलन पिते, म्हणजे साडेपाच लिटरच्या वर. साडेअठरा गॅलनची टाकी तेरा मिनिटांच्या आत रिकामी. त्यातली 80 अश्वशक्ती तर नुसता सुपरचार्जर फिरवण्यात जाते, म्हणजे भारतातल्या स्विफ्टचं जवळपास अख्खं इंजिन या गाडीत पंख्याच्या नोकरीला आहे. सरकार याबद्दल दंडही घेतं. 1978 च्या कायद्याने पेट्रोल ढोसणाऱ्या मोटारींवर एक कर आहे, गॅलनला साडेबावीस मैलांच्या खाली गेलात की एक हजारापासून 7,700 डॉलरपर्यंत. पण तो फक्त मोटारींना. एसयूव्ही आणि मिनिव्हॅन त्यातून मोकळ्या. म्हणून तेच 707 अश्वशक्तीचं इंजिन जीपच्या ट्रॅकहॉकमध्ये घातलं की कर शून्य. इतकंच काय, 2021 ला डॉजने ड्युरँगो हेलकॅट काढली. 710 अश्वशक्ती, तीन रांगा, सहा माणसं. हे वाचून मेहुण्याच्या बायकोने एकदाच मान वर केली आणि म्हणाली, "आई-बाबा मागच्या रांगेत." मग किंमत वाचून मान परत खाली.

विम्याचा रकाना तिनेच घातला. मिशिगन हे गाडीच्या विम्यासाठी देशातल्या महागड्या राज्यांपैकी एक, आणि हेलकॅट ही चोरांची लाडकी. विमा कंपन्यांच्या संशोधन संस्थेने 2023 मध्ये आकडे काढले, तर हेलकॅट इंजिनाच्या, पेट्रोलवरच्या चार्जर गाडीचे चोरीचे दावे सर्वसाधारण गाडीच्या साठपटीहून जास्त होते. त्यावर डॉजने काढलेला तोडगा मला फार आवडतो. गाडी सुरू करताना आकडी संकेत टाकायचा. चुकला तर इंजिन सुरू होतं, पण 2.8 अश्वशक्तीवर. म्हणजे चोराच्या हाती गाडी लागते खरी, पण ती लुना होते. सासऱ्यांकडे लुना होती. त्यांनी सांगितलं की ती ज्योतिबाचा डोंगर चढायची, फक्त चढावर पायडल मारावं लागायचं.

मेहुण्याची आशा अजून सुटली नव्हती. त्याने वडिलांपुढे हुकमाचा पत्ता टाकला. "बाबा, हीच मस्टँग भारतात 2016 ला आली तेव्हा पासष्ट लाखांना होती. तीही घोडे कमी करून, चारशेच्या आसपास. इथे तेव्हा तीच बत्तीस-तेहतीस हजार डॉलरपासून मिळत होती. म्हणजे आपण इथे घेतली तर चाळीस लाख वाचले असते!" हा हिशेब सासऱ्यांना पटला. चाळीस लाख वाचत असतील तर न घेणं हेच नुकसान, हे त्यांनी सासूबाईंनाही समजावून सांगितलं. माझ्या बायकोने फक्त एवढंच विचारलं की मग दोन घेतल्या तर?

शेवटी आम्ही सगळेच एका रविवारी गाड्या बघायला निघालो. रविवार यासाठी की इथल्या बहुतेक डीलरांची दुकानं त्या दिवशी बंद असतात आणि आवारात विक्रेत्यांशिवाय हिंडता येतं. एक्सेलमध्ये आता मेहुण्याच्या बायकोचे नवे रकाने होते: आई मागे बसू शकेल का, डिकीत काय मावतं. ती टेप घेऊन आली होती. कॅमारो, जी भावाच्या रकान्यात पहिली होती, तिच्या डिकीत कागदोपत्री 9.1 घनफूट जागा. खिडक्या इतक्या अरुंद की बाहेरून आत डोकावणाऱ्या सासऱ्यांना ती टपालाची पेटी वाटली. मस्टँगची डिकी तेराच्या वर. चॅलेंजरची 16.2, शिवाय मागे तिघांची जागा, आणि तिथे माणसं खरोखरच बसू शकतात. तिघींत ती सर्वांत लठ्ठ, वळणावर सर्वांत आळशी, शर्यतीच्या मासिकांत नेहमी मागे. पण तिच्या मागच्या सीटवर सासूबाई बसतील आणि शेजारी गणपतीचं मखरही राहील, असं बाहेरून टेप धरून सिद्ध झालं.

मसल कारच्या साठ वर्षांच्या इतिहासात मखराच्या मापाने गाडी निवडणारे आम्ही पहिले नसूही. डेट्रॉईटच्या मराठी लोकांची मला खात्री देता येत नाही.

हेलकॅट विम्याच्या रकान्यात गेली. राहिली चॅलेंजरचीच स्कॅट पॅक. 485 अश्वशक्ती, 6.4 लिटरचं बिडाचं इंजिन, सुपरचार्जर नाही, कायम एकच किल्ली, पन्नास हजारांच्या आत. घोड्यामागे शंभराला दोन-तीन कमी. भावाच्या यादीत ती ना पहिली ना दुसरी. मेहुणा म्हणाला, "तसं सरासरीला चांगली आहे," आणि पहिल्यांदाच त्याने भागाकार न करता वाक्य संपवलं.

दुकान उघडं असताना गेलो तेव्हा गाडीच्या काचेवर दोन कागद चिकटवलेले होते. एक कायद्याने लागतो तो, कंपनीचा छापील भाव सांगणारा. मन्रोनी नावाच्या सिनेटरने 1958 ला तो कायदा आणला. त्याच्या शेजारी दुसरा, छोटा: बाजारभावानुसार वाढ, पाच हजार डॉलर. शेवटच्या गाड्या, मागणी जास्त. सासऱ्यांनी चष्मा लावला.

"हे कुणाचं?"

"मार्केटचं," विक्रेता हसून इंग्रजीत म्हणाला. मेहुण्याने भाषांतर केलं.

"मार्केटला बोलवा म्हणावं."

त्यानंतर जे झालं ते मी शिरोलीत बघायला हवं होतं. सासरे खुर्चीत बसले आणि गप्प राहिले. त्यांनी उभा जन्म भंगारवाल्यांकडून मोडीचं लोखंड विकत घेतलेलं; त्या धंद्यात जो आधी बोलतो तो हरतो. विक्रेता मॅनेजरला विचारायला आत गेला, आला. परत गेला, परत आला. कॉफी आली. सासरे कॉफीकडे बघून गप्प राहिले. मी सवयीने बसल्या खुर्चीचे रूळ तपासले, ठीक होते. मेहुणा गाडीकडे बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर असा भाव होता की बाबांनी आणखी दहा मिनिटं लावली तर तो स्वतःच्या खिशातून त्या दुसऱ्या कागदाचे पैसे भरेल. त्याच्या बायकोने त्याचं पाकीट आधीच आपल्या पर्समध्ये ठेवलेलं होतं.

विक्रेता पाचव्यांदा बाहेर आला आणि काचेवरचा दुसरा कागद त्याने स्वतः खरवडून काढला. सासरे उठले. सगळ्यांशी हात मिळवला. दारापर्यंत जाऊन वळले.

"मॅट?"

मॅट वेगळे होते, त्यांचे पैसे वेगळे. विक्रेत्याने मॅनेजरच्या खोलीकडे पाहिलं, मग सासऱ्यांकडे पाहिलं, आणि आत न जाताच मॅट आणून दिले. चारही.

घरी येताना सासूबाई नव्या गाडीत मागे, मांडीवर मॅट घेऊन. ते अंथरायचे नाहीत, खराब होतील, असं ठरलं होतं. सासरे मेहुण्याच्या शेजारी. मी मागे तिसरा. पहिल्या सिग्नलला मेहुण्याने पाय जरा जास्त दाबला आणि गाडी असं काही ओरडली की शेजारच्या गाडीतलं कुत्रं खाली बसलं. सासरे समाधानाने मान हलवत राहिले.

"काय रं, घोड्यामागं किती पडलं मग?"

"सत्त्याण्णव, बाबा."

"मॅट धरून?"

सिग्नल हिरवा झाला होता. मागून हॉर्न वाजत होते. मेहुणा फोनवर एक्सेल उघडत होता.